सूक्ष्मदर्शकाखालचा मेंदू: वार्धक्य आणि अल्झायमर संशोधनाचा आढावा

वय वाढते तसा मेंदू बदलतो. चाळिशीनंतर त्याचे आकारमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर असून आठवत नाही, दोन कामे एकदम जमत नाहीत, नवी गोष्ट शिकायला वेळ लागतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण याच अनुभवातून रुजली. तरीही साठी ओलांडलेल्या बहुसंख्य माणसांचा व्यवहार अखेरपर्यंत नीट चालतो. काहींना मात्र नेहमीचा रस्ता सापडेनासा होतो, आत्ताच जेवल्याचे लक्षात राहत नाही आणि पुढे पोटच्या मुलांची ओळखही उरत नाही. ही दुसरी अवस्था पहिलीचेच टोक आहे की अगदी वेगळा आजार, हा मेंदूविज्ञानातला शंभराहून अधिक वर्षांचा प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 5.7 कोटी लोकांना स्मृतिभ्रंश होता. त्यांतील 60 ते 70 टक्के रुग्णांच्या बाबतीत त्यामागे अल्झायमर असतो. या आजाराचे वर्णन, त्याची कारणमीमांसा आणि त्यावरची औषधे या तिन्हींचा इतिहास सूक्ष्मदर्शकाच्या प्रगतीशी बांधलेला आहे. ज्या पिढीच्या उपकरणाला जे दिसले, त्यातच त्या पिढीने आजाराचे कारण शोधले. त्यामुळे उपकरण बदलले की प्रश्नही बदलत गेला.

चांदीच्या रंजनातून सापडलेला रोग

मेंदूचा पातळ छेद भिंगाखाली धरला तर त्यात फारसे काही दिसत नाही, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. 1873 मध्ये इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून रंजनाची पद्धत काढली. तिच्यात मोजक्याच चेतापेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या टोकापासून टोकापर्यंत दिसतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून मेंदू स्वतंत्र पेशींचा बनलेला असल्याचे दाखवले आणि पेशींच्या फांद्यांवरचे सूक्ष्म काटेही रेखाटले. दोघांना 1906 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्याच वर्षी जर्मनीत आणखी एक घटना घडली. 1901 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ते डेटर ही 51 वर्षांची स्त्री दाखल झाली होती. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिची तपासणी करून टिपणे ठेवली. एका दुपारी ती फुलकोबी आणि डुकराचे मांस खात होती; काय खाते आहेस, असे विचारल्यावर तिने पालक असे उत्तर दिले. एप्रिल 1906 मध्ये ती वारली. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी तिथे मागवून घेतला. माक्स बिल्शोव्स्की यांच्या नव्या चांदीच्या रंजनात त्यांना दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले साक्याचे पुंजके आणि पेशींच्या आत वेटोळे घालून बसलेले जाड तंतू. पुंजक्यांना पुढे प्लाक आणि तंतूंना गुंते म्हटले जाऊ लागले. 3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्युबिंगेनच्या बैठकीत त्यांनी हे सादर केले, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणी प्रश्नही विचारला नाही. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी 1907 मध्ये म्हातारपणी स्मृती गेलेल्या 16 जणांचे मेंदू तपासले आणि त्यांतील 12 जणांच्या मेंदूत प्लाक आढळल्याचे नोंदवले. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या नावामुळे एक गैरसमजही पक्का झाला. पहिली रुग्ण पन्नाशीची असल्याने अल्झायमर हा मध्यमवयीनांचा दुर्मीळ आजार ठरला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांची स्मृती गेली, तर तो म्हातारचळ म्हणून सोडून दिला जाई. रक्तवाहिन्या कडक झाल्या की असे होणारच, अशी समजूत होती. 1968 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या गॅरी ब्लेस्ड, बर्नार्ड टॉमलिन्सन आणि मार्टिन रॉथ यांनी वृद्धांच्या हयातीतील चाचण्यांचे गुण आणि मृत्यूनंतर मोजलेले प्लाक यांची तुलना केली. प्लाकची संख्या आणि स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांचा संबंध निघाला. 1976 मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही वयांतला आजार एकच असल्याचे ठामपणे मांडले आणि दुर्मीळ मानलेला रोग एकाएकी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला.

इलेक्ट्रॉन, प्रथिने आणि जनुके

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाची मर्यादा आहे. एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवल्याप्रमाणे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून, म्हणजे सुमारे 200 नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या चेतासंधीतली फट जेमतेम 20 नॅनोमीटरची असते. 1930 च्या दशकात एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून ही मर्यादा ओलांडली. 1963 मध्ये मायकेल किड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुंत्यांतले तंतू जोडीने पीळ घातल्यासारखे दिसले. त्याच वर्षी रॉबर्ट टेरी यांनीही गुंत्यांची अंतर्रचना प्रसिद्ध केली.

रचना दिसली, पण पदार्थ कोणता हे रसायनशास्त्रज्ञांनी सांगितले. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांतून अमिलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे केले. प्लाकच्या गाभ्यातही तेच असल्याचे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. गुंत्यांतले प्रथिन टाऊ असल्याचे 1986 मध्ये कळले. एरवी टाऊ पेशीतल्या वाहतुकीच्या नलिकांना आधार देते; आजारात त्याला जादा फॉस्फेट चिकटतात आणि ते सुटून गोळा होते. अमिलॉइड ज्या मोठ्या प्रथिनातून कापले जाते त्याचे जनुक 21 व्या गुणसूत्रावर निघाले. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र एक जादा असते, आणि त्या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीतच अल्झायमरच्या खुणा का दिसतात, याचा उलगडा त्यातून झाला. 1991 मध्ये याच जनुकातील दोष आणि काही घराण्यांत लवकर येणारा अल्झायमर यांचा संबंध जुळला. 1993 मध्ये आजाराचा धोका वाढवणारा म्हणून एपीओई जनुकाचा एपीओई-4 हा प्रकार ओळखला गेला. तो असला म्हणजे आजार होतोच असे नाही, पण एक प्रत असणाऱ्यांचा धोका अंदाजे तिप्पट होतो.

या सगळ्यावरून जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी 1992 मध्ये अमिलॉइड साखळीचा सिद्धान्त मांडला. आधी अमिलॉइड साचते, मग गुंते होतात, पेशी मरतात आणि स्मृती जाते, असा हा क्रम. पुढची तीस वर्षे औषधसंशोधन बहुतांशी याच वाटेने गेले.

मोजणीने मोडलेली समजूत

वय वाढले की मेंदूच्या पेशी रोज हजारोंनी मरतात, ही समजूत विसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांतही होती. जुन्या मोजणीत दोष होता. छेद तयार करताना ऊती आकसते, आणि म्हाताऱ्या व तरुण मेंदूंचे आकसणे सारखे नसते. त्यामुळे ठरावीक क्षेत्रातल्या पेशी मोजून निष्कर्ष काढले की ते चुकत. 1980 च्या दशकात ठोकळ्याच्या संपूर्ण घनफळाचा हिशेब धरून मोजण्याच्या पद्धती आल्या आणि चित्र पालटले. डेन्मार्कच्या बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडरसन यांनी 1997 मध्ये दाखवले की विसाव्या वर्षापासून नव्वदीपर्यंत मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी जेमतेम 10 टक्क्यांनी कमी होतात.

आजाराचे चित्र अगदी निराळे निघाले. बॉस्टनमध्ये 1996 साली झालेल्या मोजणीत, स्मृतीच्या वाटेवरचे नाके असलेल्या एंटोऱ्हायनल बाह्यकाच्या दुसऱ्या थरातील चेतापेशी अगदी सौम्य अल्झायमरमध्येच 60 टक्क्यांच्या आसपास गेलेल्या होत्या. स्मृती शाबूत असलेल्या 60 ते 90 वर्षांच्या माणसांत त्याच थरात घट दिसली नाही. निरोगी वार्धक्य आणि अल्झायमर हे एकाच उताराचे दोन टप्पे नाहीत, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो.

मग निरोगी म्हातारपणी स्मृती मंदावते कशाने? उत्तर चेतासंधींत मिळाले. ऱ्हीसस माकडांवरच्या अभ्यासांत वाढत्या वयात पुढच्या मेंदूतील पेशी टिकून राहतात, पण त्यांच्या फांद्यांवरचे बारीक, लवचीक काटे कमी होतात, असे दिसले. हेच काटे नवे शिकण्यासाठी लागतात. जाड, जुने काटे शाबूत राहतात. म्हातारपणी जुन्या आठवणी ताज्या राहतात आणि सकाळची गोष्ट निसटते, या सर्वांच्या अनुभवाशी हे जुळते. अल्झायमरमध्येही बुद्धीच्या ऱ्हासाशी सर्वांत घट्ट संबंध चेतासंधींच्या घटीचाच आहे, हे टेरी यांनी 1991 मध्ये दाखवले होते. प्लाकच्या संख्येचा संबंध त्यामानाने सैल होता.

जिवंत मेंदूत डोकावताना

शवविच्छेदनात आजाराचा शेवट दिसतो. आधी काय आणि नंतर काय, हे त्यात कळत नाही. त्यासाठी जिवंत मेंदू पाहता यायला हवा. अडचण अशी की मेंदूच्या ऊतीत प्रकाश धुक्यातल्या गाडीच्या दिव्यासारखा विखुरतो. 1990 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रिड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. त्यात अवरक्त लेसरचे अतिशय लहान स्पंद वापरतात. हा प्रकाश ऊतीत खोलवर जातो, आणि दोन फोटॉन एकाच क्षणी शोषले गेले तरच रंगद्रव्य उजळते. असे फक्त केंद्रबिंदूवर घडत असल्याने आजूबाजूचा उजेड चित्र बिघडवत नाही. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक खोलीवरची एकेक पेशी यात स्पष्ट दिसते.

प्रयोगाची रीत साधारण अशी असते. मानवी अमिलॉइड जनुक घातलेल्या उंदराच्या कवटीचा छोटा गोल तुकडा काढून तिथे काच बसवतात. प्लाकला चिकटणारे रंगद्रव्य टोचतात, चेतापेशी दुसऱ्या रंगात उजळतील अशी व्यवस्था करतात आणि तीच जागा दिवसांमागून दिवस पाहतात. रक्तवाहिन्यांची जाळी खुणेला असल्याने काल पाहिलेली फांदी आज पुन्हा सापडते. बॉस्टनच्या गटाने 2008 मध्ये अशा निरीक्षणांतून दाखवले की जिथे काल काहीच नव्हते तिथे चोवीस तासांत प्लाक तयार होतो, एक-दोन दिवसांत मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी त्याच्याभोवती जमतात आणि जवळच्या चेतातंतूंना त्यानंतर बाक व फुगवटे येतात. प्लाकनिर्मितीला वर्षे लागत असावीत, हा अंदाज त्यामुळे मागे पडला.

याच तंत्राने इतरही अनेक गोष्टी उघड केल्या. मायक्रोग्लिया स्वस्थ बसलेल्या असतात असे मानले जाई. 2005 मध्ये त्या आपले बाहू सतत हलवून भोवतालचा परिसर तपासत असल्याचे दिसले. पुढे 2013 मध्ये ट्रेम-2 या मायक्रोग्लियातील जनुकाचा अल्झायमरच्या धोक्याशी संबंध सापडल्यावर या पेशी संशोधनाच्या मध्यभागी आल्या. म्युनिकच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्लाकजवळच्या काही चेतापेशी गप्प न होता उलट अतिसक्रिय झाल्याचे नोंदवले. येल विद्यापीठात 2022 मध्ये दिसले की प्लाकभोवतीच्या फुगवट्यांमुळे चेतातंतूंतून जाणारे विद्युत संदेश अडतात. पेशी जिवंत असूनही तिचे काम खुंटते. कॉर्नेलमध्ये 2019 मध्ये आजारी उंदरांच्या मेंदूतील सुमारे 2 टक्के केशवाहिन्या पांढऱ्या रक्तपेशी अडकल्याने तुंबलेल्या आढळल्या. त्या मोकळ्या केल्यावर रक्तप्रवाह वाढला आणि काही तासांतच उंदरांची स्मृतिचाचणी सुधारली.

सर्वच निरीक्षणे वादातीत नाहीत. 2012 आणि 2013 मध्ये रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने द्विफोटॉन चित्रणावरून मांडले की झोपेत मेंदूतील द्रवप्रवाह वाढतो आणि अमिलॉइडसारखा कचरा धुतला जातो. ही कल्पना झटकन लोकप्रिय झाली. मात्र 2024 मध्ये लंडनच्या एका गटाला झोपेत हा निचरा उलट कमी झाल्याचे दिसले. काच बसवण्याने, भूल देण्याने आणि रंगद्रव्य टोचण्याने मेंदूची नेहमीची स्थिती किती बदलते, हा या तंत्राचा अजून न मिटलेला प्रश्न आहे.

अणूपासून घन मिलिमीटरपर्यंत

गेल्या दोन दशकांत सूक्ष्मदर्शन दोन्ही टोकांना पसरले. श्टेफान हेल यांनी प्रकाशाचा ठिपका दुसऱ्या लेसरने कडेने विझवून आबे यांची मर्यादा ओलांडली. त्यांना एरिक बेट्झिग आणि विल्यम मर्नर यांच्यासह 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. जिवंत उंदराच्या मेंदूतील काट्यांची हालचाल या पद्धतीने 2012 मध्येच टिपली गेली होती. एडवर्ड बॉयडन यांच्या प्रयोगशाळेने 2015 मध्ये उलटा मार्ग धरला: भिंग सुधारण्याऐवजी नमुनाच फुगवायचा. बाळांच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा जो पदार्थ असतो त्याच जातीच्या जेलमध्ये ऊती बसवून तिला पाणी पाजले की ती प्रत्येक दिशेने साडेचार पट फुगते आणि साध्या उपकरणालाही चेतासंधीतले बारकावे दिसतात. 2013 मध्ये कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने ऊतीतील स्निग्ध द्रव्य काढून अख्खा उंदराचा मेंदू पारदर्शक केला. त्यामुळे छेद न घेताच प्लाकची सर्वदूर मांडणी पाहता येते.

सर्वांत तपशीलवार चित्र अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिले. 2017 मध्ये केंब्रिजच्या मिशेल गोएडर्ट आणि सियोर्स शेरेस यांच्या गटाने अल्झायमरने मरण पावलेल्या 74 वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतून टाऊचे तंतू काढून त्यांची जवळपास अणूंपर्यंतची रचना उलगडली. किड यांनी पाहिलेल्या पिळाच्या गाभ्यात टाऊची साखळी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी दुमडलेली निघाली. त्यानंतर स्मृतिभ्रंशाचाच प्रकार असलेल्या पिक रोगात, तसेच डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंच्या मेंदूतही हेच प्रथिन वेगवेगळ्या पद्धतीने दुमडलेले असल्याचे दिसले. एकाच प्रथिनाच्या घडीवरून रोग ओळखता येतो, ही सूक्ष्मदर्शनाने दिलेली अलीकडची सर्वांत ठोस माहिती आहे.

दुसऱ्या टोकाला हार्वर्ड आणि गूगल यांच्या संशोधकांनी 2024 मध्ये मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या त्या तुकड्यात सुमारे 57,000 पेशी आणि 15 कोटी चेतासंधी मोजल्या गेल्या. माहितीचा साठा 1,400 टेराबाइट भरला. मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात, हे लक्षात घेता संपूर्ण मेंदूचा असा नकाशा अजून आवाक्यात नाही.

दिसते ते कारण असते का?

अमिलॉइड डोळ्यांना दिसले म्हणून ते कारण ठरत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी 1986 मध्ये 678 ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. त्यांतील काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर प्लाक आणि गुंते आढळले, पण हयातीत त्यांची बुद्धी तल्लख होती. 2004 पासून जिवंत माणसाच्या मेंदूतील अमिलॉइड पेट स्कॅनवर दिसू लागले, तेव्हाही स्मृती शाबूत असलेल्या अनेक वृद्धांत ते सापडले. काही मेंदू इजा सोसतात, काही सोसत नाहीत. या टिकाऊपणामागे शिक्षण, चेतासंधींची शिल्लक आणि मायक्रोग्लियाचे वर्तन यांचा वाटा असावा. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी यांनी 2013 मध्ये 648 रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि निरक्षरांतही हा फरक टिकून होता.

प्रतिमांवर विसंबणाऱ्या शास्त्राचा दुबळेपणाही याच क्षेत्रात उघडा पडला. अमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपामुळे उंदरांची स्मृती जाते, असे सांगणारा 2006 चा एक बहुचर्चित लेख प्रतिमांत फेरफार झाल्याचे निष्पन्न झाल्यावर 2024 मध्ये मागे घेण्यात आला. अमिलॉइडचा सिद्धान्त त्या एका लेखावर उभा नव्हता, पण प्रतिमांची मूळ फाइल जपणे आणि मोजणी करणाऱ्याला नमुना कोणाचा हे माहीत नसणे, या साध्या शिस्तीचे महत्त्व त्यातून पुन्हा पटले.

औषधांचा निकालही संमिश्र आहे. 2001 मध्ये द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली अमिलॉइडविरोधी प्रतिपिंडे दिल्यावर उंदरांच्या मेंदूतील प्लाक तीन दिवसांत नाहीसे होताना दिसले. माणसांवरची पहिली लस मात्र 2002 मध्ये थांबवावी लागली, कारण सुमारे 6 टक्के जणांच्या मेंदूला दाह झाला. लेकानेमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे 1,800 रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी मंदावला. हे प्रमाण मोठे वाटले तरी 18 गुणांच्या मापकावर फरक अर्ध्या गुणाहून कमी होता, आणि काही रुग्णांच्या मेंदूत सूज व सूक्ष्म रक्तस्राव झाला. 2024 मध्ये डोनानेमॅब आले. दोन्ही औषधे आजाराच्या सुरुवातीलाच उपयोगी पडतात आणि गेलेली स्मृती परत आणत नाहीत. अमिलॉइड हे साखळीतले एक खरे कडे आहे; एकमेव कडे नाही, असाच या चाचण्यांचा अर्थ निघतो.

भारतातील स्थिती

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. बंगळूरच्या निमहान्समध्ये 1995 पासून मेंदूपेढी आहे. तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात ग्रामीण वृद्धांचा दीर्घकालीन अभ्यास करत आहे. आयआयटी मद्रासच्या मेंदूकेंद्राने 2024 मध्ये गर्भावस्थेतील मेंदूच्या 5,132 छेदांचा पेशीपातळीवरचा नकाशा खुला केला. हीच यंत्रणा वृद्ध आणि आजारी मेंदूंसाठीही वापरता येण्याजोगी आहे. आजवरचे बहुतेक सूक्ष्मदर्शी पुरावे युरोप-अमेरिकेतील मेंदूंवर आधारलेले असल्याने भारतीय मेंदूदानाची गरज मोठी आहे.

एकूण निष्कर्ष असा निघतो. अल्झायमर हे वार्धक्याचे अपरिहार्य टोक नाही. वय हा त्याचा सर्वांत मोठा धोका असला तरी तो स्वतंत्र आजार आहे आणि लक्षणे दिसण्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होतो. नुकसानीचे खरे ठिकाण चेतासंधी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये दाखवल्याप्रमाणे कमी शिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा अशी 14 कारणे हाताळली तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्याजोगा आहे. नवी औषधे जेवढे साधतात, त्याहून हे आज जास्त हाताशी आहे. म्हणून चाळिशीत रक्तदाब तपासणे, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र लावणे आणि घरातल्या वृद्धाचा वाढता विसराळूपणा म्हातारचळ म्हणून न सोडता वेळेत डॉक्टरांना दाखवणे, हेच या सगळ्या संशोधनाचे आजचे व्यवहारी सार आहे.